फरसबंदीवरचा सेगवे

प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात काही वर्षांपूर्वीपर्यंत एक दृश्य दिवसभर दिसत असे. डोक्यावर हेल्मेट चढवलेले आठ-दहा पर्यटक एकामागोमाग एक, उभ्या उभ्या, पाय न उचलता गर्दीतून सरकत चालले आहेत. प्रत्येकाच्या पायाखाली पाटासारखा एक चौथरा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक आणि हातात कमरेइतक्या उंचीचा दांडा. इंजिनाचा आवाज नाही; दगडांवरून फिरणाऱ्या रबरी टायरांची घरघर तेवढी ऐकू येते. सर्वांत पुढे मार्गदर्शक. तो थांबला की रांग थांबते, घड्याळाच्या मनोऱ्याची माहिती ऐकते, छायाचित्रे काढते आणि पुन्हा पुढे झुकून चालू लागते. २०१६ मध्ये प्रागच्या पालिकेने शहराच्या ऐतिहासिक भागात या वाहनाला बंदी केली आणि हे दृश्य तेथून नाहीसे झाले. सेगवेवरून होणारी शहरदर्शनाची सहल हा जगभरातील पर्यटनाचा एक छोटासा प्रकार. पण प्रागमध्ये त्यावरून झालेला वाद जुन्या शहरातील रस्ता नेमका कोणाचा, या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचला होता.

सेगवे हे वाहन पर्यटकांसाठी जन्माला आले नव्हते. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी ३ डिसेंबर २००१ रोजी ते जगासमोर आणले. त्यापूर्वी वर्षभर ‘जिंजर’ या सांकेतिक नावाने त्याची चर्चा चालू होती आणि शहरांची रचना बदलून टाकणारे काहीतरी येत आहे, अशी हवा निर्माण झाली होती. केमन यांनी आधी पायऱ्या चढू शकणारी, दोन चाकांवर तोल सांभाळणारी अपंगांसाठीची खुर्ची तयार केली होती. सेगवे हे त्याच तंत्राचे पुढचे पाऊल. मोटारगाडीने घोडागाडीचे जे केले तेच सेगवे मोटारगाडीचे करील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुमारे पाच हजार डॉलर किंमत असलेले हे यंत्र सामान्य माणसाने घेतले नाही. २००६ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीला तोवर विकलेली सर्व वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली, तेव्हा त्यांची संख्या अवघी २३,५०० असल्याचे उघड झाले. गोदामे, विमानतळ, पोलिसांची गस्त आणि पर्यटन एवढ्याच ठिकाणी त्याला आश्रय मिळाला. त्यातही पर्यटनात त्याचे खरे बस्तान बसले, कारण तेथे ते विकत घ्यावे लागत नाही; दोन-तीन तासांसाठी भाड्याने घेतले की पुरते.

त्याचे तंत्र समजायला तसे सोपे आहे. तळहातावर उभी काठी तोलून धरणारे मूल काठी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हात नेते. सेगवे तेच करते. चौथऱ्याखाली पाच जायरोस्कोप आणि कल मोजणारे दोन संवेदक असतात. स्वार पुढे झुकला की ते सेकंदाला सुमारे शंभर वेळा कल मोजतात आणि त्याला पडू न देण्यासाठी मोटारी चाके पुढे नेतात. म्हणजे पडण्याचा आणि सावरण्याचा अखंड चाललेला खेळ हीच या वाहनाची गती. ब्रेक नाही, वेग वाढवणारी मूठ नाही. मागे रेलले की ते मंदावते. २००६ नंतरच्या ‘आय-२’ या नमुन्यात वळण्यासाठी दांडा डावी-उजवीकडे कलवावा लागतो. त्याचे वजन ४७ किलो, रुंदी सुमारे ६३ सेंटिमीटर आणि सर्वाधिक वेग ताशी २० किलोमीटर. स्वाराचे वजन ४५ ते ११८ किलोच्या दरम्यान हवे, असा दंडक आहे. वजन फार कमी असेल तर झुकूनही यंत्राला थांबण्याचा इशारा नीट पोहोचत नाही.

बहुतेकांना ते दहा मिनिटांत जमते आणि धोका तेथूनच सुरू होतो. यंत्राची मोटार सतत तोल सांभाळत असल्यामुळे स्वाराला आपण पडूच शकत नाही, असे वाटू लागते. पण एक चाक पदपथाच्या कडेला अडले आणि दुसरे फिरत राहिले की यंत्र गर्रकन वळते आणि वर उभा असलेला माणूस सरळ पुढे जातो. जॉर्ज बुश २००३ मध्ये सेगवेवरून घसरले, त्या छायाचित्राने जगाची करमणूक केली. सप्टेंबर २०१० मधील बातमी मात्र करमणुकीची नव्हती. सेगवे कंपनी नुकतीच विकत घेतलेले ब्रिटिश उद्योजक जिमी हेसेल्डन हे यॉर्कशायरमध्ये त्याच वाहनासह कड्यावरून नदीत कोसळून मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टनमधील एका रुग्णालयाच्या पाहणीत साडेतीन वर्षांत आलेल्या ४१ सेगवे-जखमींची नोंद होती. त्यांपैकी दहा जणांना दाखल करून घ्यावे लागले होते. अपघातांची संख्या मोठी नाही, पण माणूस एकदा पडला की दुखापत साधी नसते, असा त्या आकड्यांचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर सहलीची ठरलेली पद्धत समजून घ्यावी लागते. चांगला व्यावसायिक प्रथम मोकळ्या जागेत प्रशिक्षण देतो. चढताना दांडा धरून आधी एक पाय ठेवायचा, यंत्राने तोल घेतला की दुसरा. उतरताना मागच्या बाजूनेच उतरायचे. पदपथाची कड कधीही तिरपी ओलांडायची नाही, उतरून यंत्र हाताने न्यायचे. नवख्यांसाठी वेगमर्यादा निम्म्यावर आणणारी सोय यंत्रातच असते. मद्य घेतलेल्यांना आणि गर्भवती स्त्रियांना सहसा घेतले जात नाही. बिअरसाठी नाव असलेल्या प्रागमध्ये यांपैकी पहिली अट पाळणे आणि पाळून घेणे दोन्ही जड गेले असेल, हे सांगायला नको. त्यानंतर रांग निघते. मार्गदर्शक पुढे असतो आणि गट मोठा असेल तर मागेही एक माणूस लागतो. मार्गदर्शकाचे निम्मे लक्ष इतिहासाकडे आणि निम्मे मागच्या आरशात, ही या व्यवसायातील खरी कसरत.

प्रागमध्ये ही सहल फोफावली, याचे कारण शहराच्या ठेवणीत आहे. व्ल्टाव्हा नदीच्या उजव्या तीरावर सपाट जमिनीवर जुने शहर व चौदाव्या शतकातील नवे शहर. डाव्या तीरावर माला स्त्राना हा उतारावरचा भाग आणि त्यावर ह्राचानीच्या टेकडीवर किल्ला. किल्ल्याचा परिसर सुमारे ७० हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसतरा एकर. त्याहून वर स्त्राहोव्हचा ११४३ साली स्थापन झालेला मठ, बाजूला पेत्रशिनची ३२७ मीटर उंचीची टेकडी, उत्तरेला लेत्नाचे उद्यान. नदीकाठापासून मठापर्यंतची चढण दगडी गल्ल्यांतून आणि जिन्यांवरून आहे. मध्य युरोपची घाईची सहल करणाऱ्या माणसाच्या वाट्याला प्राग दीड-दोन दिवस येते. त्यात हे सारे पायी पाहायचे, तर तिशीतील माणसाचेही पाय बोलू लागतात. गुडघे दुखणाऱ्या साठीच्या माणसाने तर अर्धे शहर खालूनच पाहावे. सेगवेने ही चढण पुसून टाकली. दोन तासांत जुना चौक, पूल, माला स्त्राना, मठाच्या अंगणातून दिसणारी लाल कौलांची छपरे आणि लेत्नावरून दिसणारे नदीवरचे पूल, एवढा पल्ला एका फेरीत बसू लागला.

या यंत्राविरुद्धही मुख्य साक्षीदार शहराची ठेवणच होती. प्रागचा ऐतिहासिक गाभा १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचे क्षेत्र साडेआठशे हेक्टरांहून अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील अनेक शहरे जमीनदोस्त झाली, तुलनेने प्राग वाचले. त्यामुळे गल्ल्यांची मध्ययुगीन आखणी बव्हंशी टिकून राहिली. जुन्या चौकातून पुलाकडे जाणारी कार्लोव्हा ही गल्ली वाकडीतिकडी आणि अरुंद. जुन्या काळी बोहेमियाच्या राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक येथूनच किल्ल्याकडे जाई. चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब, पण रुंदी दहा मीटरांहून कमी. त्यातही दोन्ही कठड्यांवरील तीस पुतळ्यांपाशी थांबलेले लोक, चित्रकार, वादक. सुमारे तेरा लाख वस्तीच्या या शहरात २०१६ साली सत्तर लाखांहून अधिक पर्यटक मुक्कामाला होते आणि त्यांतील बहुतेक जण या एकाच वाटेने चालत होते. तेथे ६३ सेंटिमीटर रुंदीची दहा यंत्रे रांगेने आली म्हणजे काय होत असेल, हे दादरच्या पुलावरून संध्याकाळी गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

पायाखालची जमीनही साधी नाही. प्रागमधील रस्त्यांवरच्या मोठ्या गोलसर दगडांना झेक लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात. पदपथांवर मात्र लहान चौकोनी दगडांची, पांढऱ्या-करड्या-तांबूस रंगांची नक्षीदार फरसबंदी आहे. ती आजही हातानेच बसवतात. पावसात ती निसरडी होते. ट्रामचे रूळ शहराच्या मध्यातून जातात. सपाट डांबरी रस्ता मनात धरून बनवलेल्या यंत्राला ही जमीन सोपी नव्हे. शिवाय काही ठिकाणी जमीन हेच स्मारक आहे. जुन्या चौकात नगरभवनाच्या भिंतीलगत फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेले आहेत. हाब्सबुर्ग राजसत्तेविरुद्धच्या अयशस्वी बंडातील सत्तावीस पुढाऱ्यांना २१ जून १६२१ रोजी तेथे देहदंड देण्यात आला. पायी जाणारा माणूस ते पाहून थबकतो. चाकांवरचा माणूस त्यावरून गेला, तरी मार्गदर्शकाने सांगितल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही.

सेगवेवरून शहर किती दिसते, हा प्रश्न वादाच्या धुरळ्यात मागे पडला, तरी सहलीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा होता. नेरूदोव्हा या चढणीच्या रस्त्यावरील घरांवर दारांच्या वर जुनी चिन्हे कोरलेली आहेत : दोन सूर्य, तीन व्हायोलिन, सोनेरी पेला. १७७० साली घरांना क्रमांक मिळेपर्यंत हीच घरांची नावे होती. ‘दोन सूर्य’ या घरात झेक लेखक यान नेरूदा राहत असत. रस्त्याला त्यांचेच नाव आहे. ही चिन्हे पाहायला मान वर करावी लागते, आणि दगडांच्या उतारावरून यंत्र चालवणाऱ्याने मान वर करू नये, अशी त्याला सक्त ताकीद असते. सेगवेची सहल थांब्यांवरचे शहर दाखवते; दोन थांब्यांमधले शहर नजरेआड जाते. लांबचे आणि उंचावरचे पाहायचे असेल तर हे वाहन उपयोगी, गल्लीबोळातले पाहायचे असेल तर अडचणीचे, असा हिशेब मांडता येतो. लेत्नावर तो वाहनाच्या बाजूने जातो. तेथे १९५५ मध्ये उभारलेला स्टालिनचा अजस्र पुतळा १९६२ मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आला आणि १९९१ पासून त्या चौथऱ्यावर एक प्रचंड लंबक हलत असतो. लेत्नाचे रस्ते रुंद आहेत, झाडी आहे, आणि यंत्र कोणाच्या आड येत नाही.

वाद पेटला तो कायद्यातील एका जागेमुळे. सेगवे हे वाहन की चालणारा माणूस? ते मोटारसायकल नाही, सायकलही नाही. झेक व्यवस्थेत ते चालवणाऱ्याला पादचाऱ्यांच्या जवळ बसवले गेले. त्यामुळे पदपथावरून जाण्याचा हक्क त्याला आपोआप मिळाला. युरोपभर याचे उत्तर एकसारखे नव्हते. जर्मनीने २००९ मध्ये स्वतंत्र नियम करून विमा, क्रमांकपट्टी आणि सायकलींच्या मार्गाचा वापर अशा अटींवर त्याला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये १८३५ च्या महामार्ग कायद्याचा आधार घेऊन पदपथावरून त्याला हुसकले गेले आणि रस्त्यावरही ते बेकायदा ठरले. घोडागाड्यांच्या काळातील कायदा पाच जायरोस्कोपांच्या यंत्राला लागू व्हावा, याची गंमत वाटते. पण चालणाऱ्या माणसासाठी राखलेली जागा चाकांपासून वाचवावी, हा त्या कायद्याचा हेतू एकविसाव्या शतकातही जसाच्या तसा लागू पडतो.

पादचारी म्हणून गणलेला सेगवेस्वार खऱ्या पादचाऱ्याच्या बरोबरीचा नसतो, हे साध्या हिशेबाने कळते. माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो. सेगवे त्याच्या चौपट वेगाने जाऊ शकते आणि स्वारासह त्याचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते. गर्दीत दोन चालणाऱ्या माणसांचा धक्का लागला तर क्षमा मागून भागते. येथे भागत नाही. प्रागच्या मध्यभागातील रहिवाशांची तक्रार हीच होती. ‘प्राग १’ या मध्यवर्ती विभागात जेमतेम तीस हजारांच्या आसपास लोक राहतात. १९८९ नंतर पर्यटन वाढत गेले तसे तेथील वाणसामानाच्या दुकानांच्या जागी स्मरणवस्तूंची दुकाने आली, घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली. दारातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पदपथावरून येणारी यंत्रांची रांग चुकवावी लागणे ही त्याला या साऱ्याची परिसीमा वाटली असल्यास नवल नाही. सेगवेवरचा राग हा काही अंशी न बोलता सोसलेल्या इतर गोष्टींवरचाही राग होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये झेक रस्ते वाहतूक कायद्यात दुरुस्ती झाली. अशा वैयक्तिक यंत्रांची व्याख्या करण्यात आली, पदपथावर त्यांचा वेग चालण्याइतकाच असावा असे ठरले आणि कोठे बंदी घालायची याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. महापौर आद्रियाना क्र्नाचोव्हा यांच्या कारकिर्दीत प्रागच्या पालिकेने तो त्याच उन्हाळ्यात वापरला. बंदी केवळ चौकापुरती किंवा पुलापुरती नव्हती. ऐतिहासिक गाभा आणि लगतच्या विभागांतील मोठा भाग तिच्याखाली आला. सेगवेच्या चित्रावर आडवी रेघ मारलेले फलक लागले. व्यावसायिकांनी विरोध केला. रोजगार जाईल, शिस्तीने चालणाऱ्यांनाही शिक्षा होते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. मार्गदर्शकाबरोबरची सहल ही निदान कोणाच्या तरी जबाबदारीवर चाललेली असते. त्यात प्रशिक्षण असते, हेल्मेट असते, वेग आवळलेला असतो आणि काही बिघडले तर जाब विचारायला माणूस असतो. अडचण अशी की प्रागमध्ये सहलींबरोबरच नुसती यंत्रे तासावर भाड्याने देण्याचा धंदाही चालत होता आणि रस्त्यावरच्या माणसाला दोहोंत फरक दिसत नव्हता. चालणे कठीण झालेल्या पर्यटकांची एक सोय बंदीने गेली, हेही खरे. मात्र त्या गटाचा कैवार पूर्णपणे सेगवेच्या बाजूने घेता येत नाही. तोल सांभाळून दोन तास उभे राहणे हे दुखऱ्या गुडघ्यांसाठी औषध नव्हे. किल्ला आणि पुढे स्त्राहोव्हपर्यंत बसून नेणारी बावीस क्रमांकाची ट्राम तेव्हाही होती आणि आजही आहे.

बंदीनंतरचा इतिहास विचार करायला लावणारा आहे. सेगवे गेले आणि काही व्यावसायिकांनी जाड टायरांच्या विद्युत स्कूटर आणल्या. त्या सेगवेच्या व्याख्येत बसत नव्हत्या. जुन्या धाटणीच्या उघड्या मोटारी तर होत्याच. २०१८ पासून भ्रमणध्वनीवरून सुरू करता येणाऱ्या सामायिक विद्युत स्कूटर शहरात आल्या. त्यांच्याबरोबर ना मार्गदर्शक, ना प्रशिक्षण, ना सक्तीचे हेल्मेट. शिवाय काम झाले की ती पदपथावर आडवी टाकून निघून जाण्याची मुभा. देखरेखीखालचे वाहन हटवून शहराने बिनदेखरेखीच्या वाहनाला जागा करून दिली, असे झाले. पॅरिसने हाच प्रश्न लोकांपुढे ठेवला. २ एप्रिल २०२३ रोजी झालेल्या मतदानात सुमारे ८९ टक्के मते भाड्याच्या स्कूटरविरुद्ध पडली, मात्र मतदान केले ते साडेसात टक्क्यांच्या आसपास नागरिकांनी. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून पॅरिसमधून या स्कूटर गेल्या. प्रागनेही २०२५ मध्ये निर्णय घेऊन २०२६ पासून सामायिक स्कूटरना परवानगी न देण्याचे ठरवले. सेगवेच्या बंदीनंतर जवळजवळ दहा वर्षांनी गाडी पुन्हा त्याच फलकापाशी आली.

मूळ सेगवेचे उत्पादन जुलै २०२० मध्ये थांबले. कंपनी २०१५ पासून ‘नाइनबॉट’ या चिनी उद्योगाकडे होती आणि वीस वर्षांत विकली गेलेली वाहने सुमारे १ लाख ४० हजार भरली. जुनी यंत्रे आणि त्याच तत्त्वावरची नवी यंत्रे घेऊन युरोपातील अनेक शहरांत सहली चालू आहेत. प्रागमधील सहली गाभ्याबाहेर गेल्या : स्त्राहोव्हच्या पश्चिमेला, उद्यानांच्या रुंद रस्त्यांवरून, ९९३ साली स्थापन झालेल्या ब्रझेव्नोव्हच्या मठाकडे. तेथे गर्दी कमी आहे आणि पर्यटकांच्या नेहमीच्या यादीत नसलेला मठ, त्याची बाग व भट्टी पाहायला मिळते. अशी सहल घेणाऱ्याने निघण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मार्ग बंदीच्या क्षेत्राबाहेरचा आहे ना. प्रशिक्षणाला वेळ किती. आणि आपला प्रवासविमा अशा वाहनावरील अपघात मान्य करतो की नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विमापत्राच्या बारीक अक्षरांत असते आणि ते मुंबईतून निघण्यापूर्वी वाचलेले बरे. जुना चौक, कार्लोव्हा आणि पूल यांसाठी पायच लागतात. सकाळी सातच्या आत गेल्यास पूल बराच रिकामा मिळतो.